पाथर्डी फाट्यावरची फिरणारी कढई: इंडक्शन आणि कार्बन स्टीलचा वोक, एका घरातलं पूर्ण प्रकरण

माझा धाकटा भाऊ नाशिकला पाथर्डी फाट्याला भाड्याच्या फ्लॅटवर राहतो, कामाला अंबड एमआयडीसीत, शिफ्ट ड्यूटी. घरात गॅस नाही, कनेक्शन घ्यायचं राहूनच गेलं, सगळा स्वयंपाक एका २००० वॅटच्या सुट्या इंडक्शनवर. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी येतो तेव्हा त्याला दहा मिनिटांत काहीतरी गरम हवं असतं आणि सकाळचा भात उरलेला असतोच, म्हणून फ्राइड राइस. नॉनस्टिकमध्ये त्याचा लगदा व्हायचा. मग दिवाळीनंतर त्याने ऑनलाइन कार्बन स्टीलचा वोक, म्हणजे चायनीजवाल्यांसारखी कढई, मागवला, सपाट बुडाचा, खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की इंडक्शनला चालतो. ज्या दिवशी आला त्याच रात्री मला फोन. "ताई, कढई भिंगरीसारखी फिरतीये गं. बूड बाहेर आलंय. अजून एक घास शिजवला नाही हिच्यात."

मी पंचवटीत डबे करते, १८ वर्षं झाली, रोजचं काम लोखंडी कढईतच. त्यामुळे त्याला वाटलं ताईला कळेल. मला त्या रात्री काहीच कळलं नव्हतं, कारण माझं सगळं आयुष्य गॅसवर गेलंय. पण मग मी आणि त्याने मिळून दोन-अडीच महिने त्या कढईच्या मागे लागून जे शोधलं ते सगळं इथे लिहितेय, कारण इंडक्शनवर लोखंडी भांडं वापरणारे आता खूप झालेत आणि बऱ्याच जणांची कढई सुरुवातीलाच वाकते नि मग ती माळ्यावर जाते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कार्बन स्टील म्हणजे काही परदेशी धातू नव्हे, आपली पत्र्याची लोखंडी कढई असते ना, जवळपास तेच. लोखंडात थोडासा कार्बन, एक टक्क्याच्या आतबाहेर किंवा त्याहूनही कमी. बीड वेगळं. बिडात कार्बन दोन ते चार टक्के, ते ओतून करतात, जाड असतं, पडलं तर तडकतं. पत्र्याचं तडकत नाही, वाकतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच आहे.

भावाची कढई ३२ सेंटीमीटर तोंडाची, सपाट बूड १४ सेंटीमीटर, पत्रा दीड मिलिमीटर, वजन हँडलसकट दीड किलोच्या आसपास. मी दुसऱ्या दिवशी दुपारी डबे गेल्यावर त्याच्याकडे गेले. कढई पालथी घालून बुडावर स्टीलची पट्टी उभी धरली तर मधोमध फुगवटा, आणि पट्टी मध्यावर टेकली की कडेला रुपयाची दोन नाणी एकावर एक सरकत होती, म्हणजे साधारण ३ मिलिमीटर. ओट्यावर ठेवून बोट लावलं की गरागरा फिरायची. आणि आतून बुडावर एक निळं-जांभळं कडं उमटलेलं, अगदी गोल, बाहेरून बारा-तेरा सेंटीमीटर, आतून पाच. मधला टिकलीएवढा भाग मात्र फिकट. ते कडं बघून मी त्या वेळी नुसतं "जळली वाटतं" म्हटलं, पण खरं उत्तर तिथेच लिहिलेलं होतं.

त्याला विचारलं नेमकं काय केलंस, जसंच्या तसं सांग. म्हणाला, "व्हिडिओत बघितलं होतं ना, नवी कढई आधी रिकामी तापवून निळी करायची असते, मग तेल लावायचं. मी साबणाने धुतली, पुसली, इंडक्शनवर ठेवली आणि २००० ला लावलं. वीस-पंचवीस सेकंदच झाले असतील, टण्ण करून आवाज आला. मी घाबरून बंदच केलं." व्हिडिओतला माणूस बरोबरच करत होता, फक्त त्याच्याखाली गॅसची ज्योत होती आणि तो कढई सारखी फिरवत, तिरकी करत होता. हा एवढा फरक त्या व्हिडिओत कोणी बोलून दाखवलेला नसतो.

माझा पहिला संशय मालावर. पातळ पत्रा, खोटा माल, असं वाटलं. विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं की वापरात चूक झालीये, बदलून मिळणार नाही. राग आला, पण मग मीच स्वतः तपासलं. लोहचुंबक बुडाला, बाजूला, काठाला सगळीकडे घट्ट चिकटलं. पत्रा कडेला मोजला तर सांगितल्याइतकाच. म्हणजे वस्तू खोटी नव्हती. मग दुसरा संशय इंडक्शनवर, की ते जास्त पॉवर मारतंय. त्यावर त्याचंच जाड बुडाचं स्टीलचं पातेलं ठेवून एक लिटर पाणी उकळलं, वेळ ठीक आली, आवाज ठीक, काही गडबड नाही. मशीनही बरोबर, कढईही बरोबर, आणि तरी पहिल्या मिनिटात वाकली. मग त्या निळ्या कड्याकडे परत आलो.

पोलाद तापलं की त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो. साधारण २२० डिग्रीला वाळल्या गवतासारखा पिवळट, अडीचशेच्या पुढे तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. लोहार-टर्नर लोकांना हे रंग पाठ असतात, भावाच्या कंपनीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्यांनी बघताक्षणी सांगितलं. म्हणजे ते कडं ३०० डिग्रीला गेलं होतं. आणि कड्याच्या बाहेर चार बोटांवर काय? काहीच नाही. कंपनीतून आलेला पिवळसर लाखेचा थरसुद्धा तिथे तसाच चिकटून होता. एकाच पत्र्यावर इथे ३०० आणि तिथे हाताला कोमट.

याचं कारण इंडक्शन चालतं कसं त्यात आहे. काचेखाली तांब्याच्या तारेचं गुंडाळं असतं, चकलीसारखं. त्यातून सेकंदाला वीस हजारांच्या वर वेळा दिशा बदलणारा करंट जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र वरच्या लोखंडात भोवऱ्यासारखे करंट तयार करतं आणि लोखंड स्वतःच तापतं. काच तापते ती भांड्यामुळे, उलटं नाही. आता ही चकली मधोमध रिकामी असते, तिथे टेंपरेचर सेन्सर बसवलेला असतो, म्हणून उष्णता कड्याच्या आकाराची. आणि हे क्षेत्र काचेपासून जसं वर जाल तसं झपाट्याने कमी होतं, म्हणून कढईची जी बाजू वर वळलीये तिला जवळपास काहीच मिळत नाही. तिला जी काय उष्णता मिळायची ती बुडातून पत्र्यात सरकत सरकत. आणि इथे लोखंड कमी पडतं. ॲल्युमिनियम उष्णता ज्या वेगाने पसरवतं त्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाने कार्बन स्टील पसरवतं, तांबं तर आणखी पुढे. पत्रा दीड मिलिमीटर म्हणजे उष्णतेला जायला वाटही अरुंद.

भावाने कागदावर हिशेब मांडला, तो मला फार पटला म्हणून देते. १४ सेंटीमीटरची दीड मिलिमीटर जाड चकती म्हणजे साधारण १८० ग्रॅम लोखंड. एवढ्या लोखंडाला एक डिग्री वर न्यायला लागतात फक्त पंच्याऐंशी-नव्वद जूल. २००० पैकी १३०० वॅट जरी बुडात उतरले धरले तरी सेकंदाला १३०० जूल, म्हणजे दर सेकंदाला १५ डिग्री! खोलीच्या तापमानापासून ३०० ला जायला वीस सेकंदही पुरतात. थोडी उष्णता काचेत नि बाजूला जाते म्हणून पाच-सात सेकंद वाढवा. त्याने सांगितलेले पंचवीस सेकंद बरोबर बसले. आपण गॅसवर कढई ठेवून तोपर्यंत कांदा चिरायला घेतो, ती सवय इथे चालतच नाही.

आता वाकली का. लोखंड तापलं की फुगतं, दर डिग्रीला लांबीच्या एक लाखांश भागाहून थोडं जास्त. १४ सेंटीमीटर बूड पावणेतीनशे डिग्रीने वर गेलं तर व्यास वाढतो अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी. तुम्ही म्हणाल अर्धा मिलिमीटर म्हणजे काय. पण भोवतीचं कडं थंड आहे, ते जागचं हलत नाही, मधल्या बुडाला पसरायला जागाच नाही, मग ते वर नाहीतर खाली फुगतं. आणि फुगताना भूमिती अशी आहे की अर्धा मिलिमीटरची जादा लांबी मावून घ्यायला मधे चार-पाच मिलिमीटरपर्यंत घुमट उठू शकतो. आमच्या कढईत तीन राहिला. टण्ण आवाज तो त्याचाच, पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबल्यावर होतो तसा. थंड झाल्यावर सरळ व्हायला पाहिजे होतं ना? नाही होत, कारण एवढ्या दाबाखाली पोलाद स्वतःच्या लवचिकपणाच्या पलीकडे गेलेलं असतं, परत येत नाही.

माझ्या कढया १८ वर्षांत का नाही वाकल्या मग? कारण गॅसची ज्योत बुडाला लागून बाजूंनी वर चढते, सगळी कढई हळूहळू एकत्र तापते. आपल्याकडच्या मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असायला लागते, म्हणजे बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेकडेने निघून जाते आणि आपण तिला वाया गेली म्हणतो. कढईच्या बाबतीत तीच तर बाजू तापवत असते. इंडक्शन फारसं वाया घालवत नाही, जवळपास सगळं बुडातच ओततं, म्हणून सरळ पातेल्याला ते उत्तम आणि कढईला अवघड.

एक प्रश्न भावाने विचारला तो महत्त्वाचा होता, की मशीनमध्ये सेफ्टी असते ना, ओव्हरहीट झालं की बंद होतं, मग ते का नाही झालं. सेन्सर काचेच्या खाली आहे. त्याला कळतं ते काचेचं तापमान, तेही मधोमधचं, जिथे कढई सगळ्यात कमी तापते. काच गरम व्हायला वेळ लागतो आणि वीस सेकंदात खेळ खलास झालेला असतो. आणि बूड जर आत फुगलेलं असेल तर मधे हवेची पोकळी, सेन्सर आणखीनच उशिरा जागा होतो. म्हणून त्या टेंपरेचर मोडवर, १८०, २२० वगैरे आकडे असतात त्यावर, पातळ कढईसाठी अजिबात विसंबू नका. वॅटचा मोड लावा आणि डोळे-नाक उघडं ठेवा.

दुरुस्ती. कढई घेऊन मी जुन्या नाशकात तांबट लेनला गेले, तिथे पिढ्यानपिढ्या भांडी ठोकणारी माणसं आहेत, काम तांब्या-पितळेचं पण ठोक्याचं ज्ञान सगळ्या धातूंना लागू. एका वयस्कर काकांनी कढई उलटी करून आत लाकडाचा ठोकळा बसवला आणि बाहेरून लाकडी मोगरीने ठोकायला घेतलं, एकदम मधे नाही, फुगवट्याच्या कडेपासून गोल गोल आत येत. लोखंडी हातोडा नाही वापरायचा, त्याने पत्रा ताणतो आणि फुगवटा वाढतो असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना म्हटलं, "काका, अगदी सपाट नको, जरा आतल्या बाजूला राहू द्या, मिलिमीटरभर." ते म्हणाले, "कळलं मला, खालून बशी पाहिजे तुम्हाला." अगदी तेच. कारण तापल्यावर पत्रा ज्या बाजूला आधीच झुकलेला असतो त्याच बाजूला फुगतो. आत झुकलेलं बूड आणखी आत जाईल, पण कडा काचेला टेकलेल्या राहतील आणि कढई फिरणार नाही. बाहेर झुकलेलं असेल तर एका बिंदूवर उभी राहून फिरतच बसणार. वीस मिनिटांत काम झालं, दीडशे रुपये घेतले.

मग कढई नव्याने तयार करायची होती. इंडक्शनवर बाजू तापतच नाहीत, त्यामुळे तिथे तेलाचा थर बसणं शक्य नाही, म्हणून हे काम माझ्याकडे पंचवटीत गॅसवरच केलं. ज्याच्याकडे गॅस अजिबात नाही त्याने कोणाकडे तरी एक दुपार मागून घ्यावी, खरंच. आधी गरम पाणी, साबण आणि तारेची घासणी, लाखेचा थर सुटेपर्यंत, मोठ्या बर्नरवर उरलेला थर जाळला, खिडक्या उघड्या ठेवा कारण धूर बराच होतो. कढई तिरकी धरून एकेक बाजू निळी करत आणली. मग हाताला सोसेल इतपत निवल्यावर सोयाबीन रिफाइंडचं बोट, चिंधीने लावायचं आणि दुसऱ्या कोरड्या चिंधीने जणू सगळं पुसूनच टाकायचं. जाड लावलं की चिकट होतं, डाग पडतात. परत तापवायचं, धूर येऊन थांबेपर्यंत. असं चार वेळा. तेल का बसतं, तर तापून त्याचे कण एकमेकांना जोडले जाऊन कडक पापुद्रा होतो, रंगारी जवसाचं तेल वापरतात ते याच गुणामुळे. जवसाचा थर कडक येतो पण खपल्या निघतात, माझा अनुभव तरी तसा, म्हणून मी सोयाबीन नाहीतर सूर्यफूल सांगते. शेंगदाण्याचं चालतं, वेळ जास्त लागतो. खोबरेल नको, ते असं कडक होतच नाही. शेवटी कांद्याची पात आणि आलं मुठीने घालून वीस मिनिटं परतलं आणि टाकून दिलं, लोखंडाचा वास निघून जातो. पातीला आपल्याकडे काय तोटा.

कढई परत पाथर्डी फाट्याला गेली आणि मग आम्ही एक रविवार नुसता बघण्यात घालवला. कोरड्या कढईत मैद्याचा अगदी पातळ थर भुरभुरवला आणि ५०० वॅटवर ठेवलं. तीन मिनिटांत मैद्यावर तपकिरी कडं उमटलं, मधे पांढरट टिकली, बाजू पांढऱ्या स्वच्छ. भावाने मेंटेनन्समधून बंदुकीसारखा थर्मामीटर आणला होता, तो चकचकीत लोखंडावर चुकीचं दाखवतो, पण काळ्या झालेल्या कढईवर बऱ्यापैकी खरं सांगतो. मैदा पुसून, कढई निववून तेवढाच वेळ परत तापवली: कड्यात २१५ च्या आसपास, सहा सेंटीमीटर वर बाजूला ८५, काठाला ४०. ही एवढी तफावत कमी पॉवरवर! पण कढई हलली नाही, आवाज नाही, पट्टी लावली तर बूड होतं तसंच. हळू तापवलं की कड्यातली उष्णता शेजारच्या पत्र्यात सरकायला वेळ मिळतो, ताण त्या मर्यादेच्या आत राहतो. सगळी गोम वेगात आहे, तापमानात नाही. ३०० डिग्रीने कढई वाकत नाही, वीस सेकंदात ३०० ने वाकते.

अजून एक सापडलं. ५०० लावलं की आमचं मशीन सलग ५०० देत नाही, दोन-चार सेकंद जोरात चालतं आणि तेवढंच थांबतं, सरासरी ५००. बहुतेक सुटी इंडक्शन खालच्या लेव्हलला असंच करतात. जाड पातेल्यात कळत नाही, पातळ कढईत तेल चुर्र करतं, गप्प होतं, परत चुर्र. आमच्याकडे १००० पासून पुढे सलग चालतं. तुमचं कुठून सलग होतं ते कान देऊन ऐका, पाण्याच्या बुडबुड्यांवरूनही कळतं. परतण्यासाठी सलग लेव्हलच बरी.

आता तो जसं करतो ते. थंड कढईतच चमचाभर तेल घालून फिरवतो, रिकामी कधीच नाही. तेल म्हणजे फुकटचा थर्मामीटर, रिफाइंड तेलाचा धूर साधारण २२५-२३० ला सुटतो, तेव्हा धुराची पहिली रेघ दिसली की समजायचं झालं. ५०० वॅटवर तीन मिनिटं. मग १२०० आणि लगेच लसूण-आलं. जिन्नस आत पडले की १६००, कारण आता त्यातलं पाणी उष्णता पिऊन घेतं आणि लोखंड बेफाम तापत नाही. २००० चं बटण या कढईसाठी नाहीच असं समजा, रस्सा उकळायचा असेल तर गोष्ट वेगळी.

आणि कमी घालायचं. हे सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं. रस्त्यावरच्या चायनीजच्या गाडीवरची भट्टी घरच्या शेगडीच्या कितीतरी पट ताकदीची, तिथला माणूस कढई भरून करू शकतो. आपल्याकडे १६०० वॅट, त्यातले समजा १३०० अन्नात गेले, तर १०० ग्रॅम पाणी तापवून पूर्ण वाफ करायला साधारण २६० किलोजूल, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. कोबीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. पाव किलो कोबी एकदम टाकलात तर तो परतला जात नाही, स्वतःच्या पाण्यात शिजतो. म्हणून भाऊ भाजी दोन मुठी, ती काढून ताटलीत, मग अंडं, तेही काढायचं, मग भात दीड वाटी, फ्रिजमधला गार, आधीच हाताने मोकळा केलेला, आणि शेवटी सगळं एकत्र. तीन खेपा होतात पण प्रत्येक दीड-दोन मिनिटांची, एकूण वेळ तेवढाच लागतो. त्या रविवारी पहिल्यांदा भाताला तो जरासा जळका खमंग वास आला आणि त्याने मला घास भरवला, मी सांगू शकत नाही किती बरं वाटलं.

कढई उचलून उडवायची नाही. उचलली की लोखंड क्षेत्राबाहेर, उष्णता त्याच क्षणी बंद, मशीन पीं पीं करतं, आणि परत आपटताना काच फुटायची भीती. उलथन्यानेच खालवर करा. त्याऐवजी बाजू थंड असतात याचा फायदा घ्या, झालेलं वर सरकवायचं, कच्चं मधे ओढायचं. थंड बाजू हा दोष म्हणून बघत होतो तोपर्यंत त्रास झाला, मग तीच जागा ठेवणीची झाली, लसूण करपायला लागला की वर ढकलता येतो.

लोकांनी बरेच उपाय सुचवले. शेजारच्या काकू म्हणाल्या, रिंग ठेव खाली. लोखंडी रिंग ठेवली तर ती रिंगच तापते आणि कढई आणखी वर जाते, दोन्हीकडून तोटा. गोल बुडाच्या कढईसाठी हॉटेलात वाटीसारख्या खोलगट काचेचं खास इंडक्शन असतं, तो प्रकार वेगळा आणि महाग. मधे लोखंडी चकती ठेवायची युक्ती पण सांगतात, त्याने इंडक्शनची साधी हॉटप्लेट होते, सगळं हळू आणि काच नको तेवढी तापते. कोणी म्हटलं काचेवर ओरखडे नको म्हणून खाली पेपर घाल. कृपा करून परतताना असलं काही करू नका, कागद २३० च्या आसपास करपायला लागतो आणि ते कडं त्याच्याही वर जाऊ शकतं.

वायरिंगचं एक सांगते कारण भाड्याच्या घरात हे कोणी बघत नाही. भावाने इंडक्शन एक्स्टेंशन बोर्डवर लावलं होतं. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, आणि तो बोर्ड सहा अँपिअरचा. हात लावला तर प्लग गरम. त्याच दिवशी सोळा अँपिअरच्या पॉइंटवर हलवलं.

काही पदार्थ त्याने सोडून दिले या कढईत. टोमॅटोचं सार, चिंच-गुळाची आमटी, कोकम, कढी, आंबट काहीही थर उतरवतं आणि रस्सा काळपट होतो. एकदा भेळेसारखं काहीतरी चिंच घालून केलं आणि बूड परत करड्या रंगाचं झालं, एका फोनवर मी ओळखलं. वापरून झालं की गरम पाणी, मऊ घासणी, मग ४०० वॅटवर एक मिनिट कोरडी करून तेलाचं बोट. पावसाळ्यात हे एक मिनिट चुकवलं तर सकाळी लाल गंज, आला तरी घाबरू नका, घासून परत तेल लावा, तेवढ्याने कढई मरत नाही.

नवी घेणाऱ्याला मी काय सांगेन? पत्रा २ मिलिमीटर बघा, हाताला जड लागेल पण वाकायला बराच वेळ घेईल. बूड पंधरा-सोळा सेंटीमीटर सपाट, दुकानात पट्टी नाहीतर मोबाईलची कड लावून बघा, आत झुकलेलं असलं तर घ्या, बाहेर झुकलेलं असलं तर कितीही स्वस्त असो ठेवून द्या. फार लहान बूड असेल तर काही मशीनना भांडं ठेवलंय हेच कळत नाही. इंडक्शनला चालतो या शिक्क्याचा अर्थ एवढाच की धातूला चुंबक चिकटतं. कसं तापवायचं ते त्या खोक्यावर कुठेच नव्हतं, आणि याचं मला अजून वाईट वाटतं, एक ओळ छापली असती तर माझ्या भावाचे पैसे आणि ती पहिली रात्र वाचली असती.

परवा त्याने फोटो पाठवला. बूड काळंभोर, तुळतुळीत, अंडं सरकत होतं. वरची चार बोटं अजून तपकिरीच आहेत, ती इंडक्शनवर काळी होणार नाहीत, महिन्यातून एकदा माझ्याकडे आला की गॅसवर फिरवून नेतो. मी विचारलं पट्टी लावलीस का. म्हणाला, "लावली ताई. खाली एक नाणंसुद्धा जात नाहीये."